अश्विनीचा डावा हात

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी खुशाल खोटं समजावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

पण जे सांगते ते मी स्वतः पाहिलंय. तेही अंधारात नाही... भर दुपारी, लख्ख उन्हात.

गेल्या वर्षीचा उन्हाळा. पाथर्डी तालुका. तिसगावच्या अलीकडं, माझ्या धाकट्या बहिणीचं सासर.

बहिणीचं नाव अश्विनी. तिला लहानपणापासून फिट यायची. साधी नाही. उभी असली की उभ्याउभी कोसळायची. हात टेकायलाही वेळ मिळायचा नाही. कपाळ, हनुवटी, दात... सगळीकडं पडल्याच्या खुणा. लोक कांदा हुंगवायचे, चप्पल हुंगवायचे. गोळ्या बदलून बदलून आम्ही थकलो.

अशा मुलीला स्थळ कुठून येणार? शेवटी बिजवर मिळाला.

कानिफनाथ. माणूस चांगला. घरची कांद्याची शेती, शिवाय पाथर्डी–नगर जीप चालवायचा. पहिली बायको चांगुणा डेंग्यूनं गेली होती. घरात तो आणि त्याची आई छबूबाई, दोघंच.

लग्नात छबूबाईंनी अश्विनीच्या गळ्यात चांदीचा छोटा टाक घातला. सवतीचा टाक. पहिली गेली की दुसरीनं तो घालायचा, म्हणजे गेलेली त्यात वसते, तिचा मान राहतो आणि ती त्रास देत नाही, अशी आमच्याकडं रीत आहे.

अश्विनीनं तो घातला. पण मला म्हणाली, "ताई, जिवंत सवत परवडली असती. तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

कारण त्या घरात चांगुणा संपलीच नव्हती. चांगुणाची आमटी अशी, चांगुणाचं हसणं तसं. चांगुणा डावरी होती. भाकरीसुद्धा डाव्या हातानं थापायची. सासू तिला त्यावरून रोज बोलायची, आणि आता त्याच भाकरीची आठवण काढून डोळे पुसायची.

कानिफराव मात्र तिचं नावही काढायचे नाहीत.

अश्विनीला तेच जास्त टोचायचं.

"जे नाव तोंडात येत न्हाई ना ताई, ते लई खोल असतंय," ती म्हणायची.

मग एकदा ती चुलीपाशी कोसळली. थोडक्यात वाचली. कानिफरावांनी तिला पुण्याला मेंदूच्या मोठ्या सर्जनकडं नेलं. मीही सोबत होते.

डॉक्टरांनी अगदी सोपं करून सांगितलं. मेंदूचे दोन भाग असतात, अक्रोडाच्या गरासारखे. मधे एक जाड पट्टा असतो. तो पूल. इकडचे निरोप त्याच पुलावरून तिकडं जातात.

"हिच्या मेंदूत एका बाजूला ठिणगी उडते," डॉक्टर म्हणाले, "आणि पुलावरून क्षणात दुसऱ्या बाजूला पोचते. मग सगळं अंग एकदम जातं. आपण तो पूल कापायचा. ठिणगी उडेल, पण वणवा पेटणार नाही."

"पूल कापल्यावर मानूस... तेच राहतंय का?" कानिफरावांनी विचारलं.

"तेच राहतं. फक्त काही दिवस एक गंमत होते. बोलणारी बाजू बहुतेकांची डावी. ती उजवा हात चालवते. डावा हात चालवते उजवी बाजू, तिला बोलता येत नाही. दोघींची गाठ तुटते. त्यामुळं कधीकधी डावा हात आपल्या मर्जीनं वागतो. उजव्या हातानं बटण लावलं की डावा ते काढतो. हळूहळू जातं ते."

गंमत म्हणाले होते डॉक्टर.

एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या, मंगळसूत्र, टाक. सगळं माझ्या पर्समध्ये होतं.

ऑपरेशन छान झालं. अश्विनी शुद्धीवर आली, मला ओळखलं, पाणी मागितलं. वॉर्डात आणल्यावर मी मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं. मग टाक घालायला गेले...

तिच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

घट्ट.

"अगं, सोड की," मी म्हणाले.

"मी कुठं धरलंय?" अश्विनी म्हणाली. तिनं खाली पाहिलं. आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... हे मी करत न्हाई."

त्या हातानं माझ्या मुठीतून टाक काढून घेतला. आणि पलंगाखाली टाकून दिला.

मंगळसूत्राला त्यानं बोटही लावलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हेच ते. घाबरू नका.

घरी परतल्यावर मी छबूबाईंना ते सांगितलं.  म्हातारी पदर सावरत म्हणाली,

"आता टाकात कशाला ऱ्हाईल ती?"

मी काही दिवस तिथंच राहिले. फिट एकदाही आली नाही. अश्विनी उंबरा ओलांडताना आधी भिंत धरायची, ती आता न धरता चालायला लागली.

पण तो हात...

एकदा दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. गप्पा चालल्या होत्या. अचानक मला आवाज ऐकू आला.

थप... थप... थप...

अश्विनीचा डावा हात तिच्याच मांडीवर पडत होता. तालात. मधेच थोडा फिरून, पुन्हा थप. अश्विनी माझ्याशी बोलत होती, तिला पत्ताच नव्हता.

घरामागून छबूबाईंची हाक आली. "चांगुणे, आच कमी कर गं, भाकर करपंल!"

आवाज थांबला.

सगळंच थांबलं. छबूबाई कोपऱ्यावरून पुढं आल्या, तोंडावर हात ठेवून. सवयीनं हाक गेली होती त्यांच्या तोंडून. चूल तर कधीच विझलेली होती.

अश्विनी उठून आत गेली. त्या दिवशी जेवली नाही.

पण भीतीनं नाही. मी तिची बहीण आहे, मला कळत होतं. ती जळत होती.

कारण कानिफराव बदलले होते. संध्याकाळी जीप लावून घरात आले की अश्विनीच्या डाव्या बाजूला बसायचे. तो हात हळूच सरकायचा आणि त्यांच्या कानामागं केसांतून फिरायचा. लग्नाच्या इतक्या दिवसांत अश्विनीनं असं कधी केलं नव्हतं. तिला धीरच झाला नव्हता.

कानिफराव डोळे मिटून घ्यायचे.

आणि अश्विनी, त्याच हाताची मालकीण, शेजारी बसून नुसती बघत राहायची.

"माज्याकडं बघतबी न्हाईत," ती मला म्हणाली. "मी बोलले की व्हय, न्हाई, एवढंच. ह्या हाताला मात्र मांडीवर घेऊन बसत्यात. ताई, माज्याच अंगावर सवत उगवली गं."

मग आम्ही तपासणीसाठी पुन्हा पुण्याला गेलो. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या हातात किल्ली ठेवली.

"हातात काय आहे?"

"काय न्हाई," अश्विनी म्हणाली.

तिचा हात मात्र कुलूप उघडल्यासारखा किल्ली फिरवत होता.

"बघा," डॉक्टर आम्हाला म्हणाले. "हाताला माहीत आहे, तोंडाला नाही. आता गंमत बघा. मी डाव्या हाताला विचारतो. बोटांनी सांगायचं. घरात माणसं किती?"

तीन बोटं वर आली. बरोबर होतं.

"मुलं किती?"

"न्हाईत अजून," अश्विनीचं तोंड म्हणालं.

हात थोडा थांबला...

आणि दोन बोटं वर आली.

मग तो हात सावकाश खाली गेला. अश्विनीच्या पोटावर जाऊन टेकला. तिथंच राहिला.

डॉक्टर हसले. "उजवी बाजू आकड्यांत जरा कच्ची असते."

माझ्यामागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कानिफराव बाहेर निघून गेले होते.

मी त्यांना जिन्यात गाठलं. ते कठड्याला धरून उभे होते.

"ताई, चांगुणाला दिवस गेल्ते," ते म्हणाले. "सोनोग्राफी केली हुती. जुळी हायेत म्हनले. आमी कुनालाच सांगितलं न्हाई. आईलाबी न्हाई. नजर लागू नये म्हनून. मग तिला ताप आला... आन् मग सांगायला कायच उरलं न्हाई."

"कुणालाच माहीत नव्हतं?"

"मला आन् तिला."

मागं अश्विनी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

 परतीच्या वाटेवर ती उजव्या हातानं डाव्याचं मनगट दाबून बसली होती. नगर आलं, मागं पडलं. तिची बोटं काळीनिळी पडली तरी तिनं पकड सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढं भाकरी करत होती. कानिफराव पाणी प्यायला आत आले आणि तिच्या शेजारी टेकले. मी दारातच होते.

डावा हात पिठानं भरलेला. तसाच उठला आणि त्यांच्या गालाला लागला. कानिफराव हसले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा असं हसताना पाहिलं.

अश्विनीनंही पाहिलं.

तिनं भाकरी उतरवली. उजव्या हातानं डावं मनगट पकडलं...

आणि तो हात तापल्या तव्यावर दाबला.

मी धावले. पण माझ्या आधी कानिफराव ओरडले. जिवाच्या आकांतानं ओरडले.

"चांगुणे!"

त्यांनी तो हात ओढून काढला, दोन्ही हातांत धरला, फुंकर घालत राहिले. "चांगुणे, लई भाजलं का गं... चांगुणे..."

अश्विनीचा हात भाजला होता, पण ती विव्हळली नाही. त्या हाकेनंतर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मी तिला माहेरी घेऊन आले.

जखम भरली. आणि हात गप्प झाला. सांगेल तेवढंच करायला लागला. डॉक्टर म्हणाले, मेंदू नवीन वाटा शोधतो, हे होणारच होतं. भाजण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही.

असेल तसं.

कानिफराव न्यायला आले. वाळून गेले होते. दुसऱ्यांदा बायको गेल्यासारखे दिसत होते. अश्विनीपुढं हात जोडून म्हणाले, "चुकलं माजं. घरी चल." तिचं नाव घेऊन म्हणाले. ती गेली.

आता परवाची गोष्ट. मी तिला भेटायला गेले होते. अश्विनी तब्येतीनं छान झालीये. फिट नाही. चेहऱ्यावर तेज आहे. कानिफराव ओसरीवर तिच्या डाव्या बाजूला बसले होते. आणि तिचा डावा हात त्यांच्या कानामागं केसांतून फिरत होता.



ते जीप घेऊन गेल्यावर मी तिला आत ओढलं. "परत सुरू झालं?"

"न्हाई गं." ती खाली बघत म्हणाली. "ते मीच करते."

मी दार लोटून घेतलं.

"हात गप झाला तसं त्यांनी जेवनच टाकलं. माज्याजवळ येईनात. मग एकदा मीच तिच्यासारखा फिरवला हात. मुद्दाम. तर ढसाढसा रडले... आन् माज्या मांडीवर झोपले." ती थांबली. "त्यांना वाटतंय ती हाय. वाटू दे. मानूस तर माज्याजवळ बसतंय ना?"

"अश्विनी, हे बरं नाही."

"म्हाईत हाय."

बाहेर कोंबडी ओरडली, गप्प झाली. अश्विनी आपल्या तळहाताकडं बघत होती. भाजल्याची गुलाबी कातडी चमकत होती.

"फक्त एक हाय ताई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "सुरू मी करते. ते मला कळतंय."

"मग?"

"थांबवते कोन... ते कळत न्हाई."