ढिगावरची पावडर

दोन हजार एक साली वर्ध्याहून आर्वीला निघालेल्या एसटीत उज्वलाच्या मांडीवरचं मडकं कलंडलं, अन् शेजारच्या तरुणाच्या इस्त्रीच्या पँटवर ओली गांडुळं पसरली. तो असा किंचाळला, की वाटेवरच्या खरांगण्याची एक म्हैस तेव्हापासून दूधच देत नाही म्हणतात.

"काऊन ओरडून राह्यले? चावत नाईत ते."

"एक आत गेलं ना!"

"मंग जपून काढजा. माह्यं हाय."

हसत हसत दोघं गांडुळं वेचू लागली. बोटाला बोट लागलं... शेवटचं गांडूळ दोघांनाही सोडवेना.

तो स्वप्निल, आर्वीतल्या खत-औषधवाल्या नानाजींचा मुलगा. ती रोहण्याच्या श्रावण माळ्याची लेक. श्रावणनं तिला वांग्याची अर्धी वाडी दिली होती. दुकानाच्या खताशिवाय, नुसत्या गांडूळखतावर पिकवून दाखवलं, तर नवरा तिनं निवडायचा. नाही जमलं, तर दिवाळीनंतर केळझरचं स्थळ.

स्वप्निल दर रविवारी वाडीत येऊ लागला.

"माह्या बाबाचं गिऱ्हाईक तोडून राह्यली तू."

"आता पोरगाही तोडीन!"

भादव्यात गांडुळांच्या ढिगाला लाल मुंग्या लागल्या. उज्वलाचे हात चावून चावून सुजले. अन् एका सोमवारी बाजारातून येऊन पाहते, तर मुंगी औषधाला नाही! आनंदानं तिनं ढिगावरचं ओलं पोतं उचललं.

खाली गांडुळं निपचित पडलेली. एकही वळवळेना.

स्वप्निल मागे येऊन उभा होता.

"उज्वला, मले सांगाचं हाय..."

"सांग." तिनं डोळे पुसले. "आज तरी गोड सांग."

"पावडर मीच टाकली. दुकानातली. तुह्ये हात पाहवत नव्हते—"

तिनं हातांकडे पाहिलं. सूज उतरली होती.

"मले इचाराले काय झालतं?"

"नवीन आणू ना..."

"वांग्याले फुलं लागली. नवं खत होयेपर्यंत कोण थांबते?" मग हळूच म्हणाली, "माह्या बाबाले सांग. माह्या खतात खोट नव्हती, एवढंच सांग."

"सांगतो. तुह्यी शपथ."

आठ दिवसांनी श्रावण तिला घेऊन दुकानात आला. "पोरीचं खत मेलं, नानाजी. द्या आपला युरिया."

"मी म्हटलंच होतं!" नानाजी खूश. "अजून काही?"

उज्वलानं स्वप्निलकडे पाहिलं. दोन्ही बाप समोर होते. तो खाली वाकून पोत्याला सुतळी बांधत राहिला. बांधलेलीच सुतळी पुन्हा बांधली.

"अजून काही पाहिजे का, पोरी?" नानाजींनी पुन्हा विचारलं.

"नाई," उज्वला म्हणाली. "जे पाह्यजे होतं, ते तुमच्या दुकानात भेटत नाई."