साडेतेरा इंची वेबसाइट

मेट्रोत लॅपटॉप उघडून बसणारी माणसं अनुषाला नवी नव्हती. पण लॅपटॉपला मापाची टेप लावून बसलेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

दुपारची गाडी व्हाइटफील्डहून निघालेली. शेजारच्या सीटवर तो... तिशीच्या अलीकडचा, नखांच्या कडांना निळा रंग. त्यानं टेप पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणली आणि स्वतःशीच म्हणाला, "रुंदी साडेतेरा."

मराठी कानावर पडल्यावर अनुषाला गप्प बसवेना. तिचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या राहिलं होतं की घरच्या मराठीत कन्नड कधी शिरली ते कुणालाच आठवत नव्हतं. आणि अनोळखी पुरुषाशी बोलायचं म्हटलं की तोंडातून एकच शब्द निघायचा.

"अण्णा, लॅपटॉपला काय शिवताय?"

"शिवत न्हाई. वेबसाइट करायलोय, माझी स्वतःची," तो गंभीरपणे म्हणाला. मग तिच्याकडे एकदा नीट बघून, "आणि ते अण्णा तेवढं सोडा. बाकी काय पण म्हणा."

त्याचं नाव योगीराज. मूळ निपाणीचा, इथं चिकपेटात मामाच्या दुकानात पाट्या रंगवायचा, कन्नड, मराठी, इंग्रजी, लागेल त्या लिपीत. पाटी रंगवणारा आधी फळीचं माप घेतो. त्यानंही तेच केलं होतं. एकेक फोटो, एकेक ओळ — वरून इतकी, डावीकडून इतकी — मोजून जागच्या जागी ठोकून बसवली होती.

अनुषानं तीच साइट आपल्या फोनवर उघडली. योगीराजचा चेहरा त्याच्याच फोन नंबरवर बसला होता आणि आडनाव पडद्याबाहेर निघून गेलं होतं.

"तुमची फळी तुम्हाला माहीत," ती म्हणाली. "बघणाऱ्याची फळी केवढी, ते कुणाला ठाऊक?"

"मग माप कुणाचं घ्यायचं?"

"कुणाचंच नाही. स्वल्प वेळ लागेल, मी दाखवते."

"वेळ हाय की," तो म्हणाला. "आडनाव परत आणलं पायजे."

गाद्या विकणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट सांभाळणं हा अनुषाचा व्यवसाय. गाद्यांसाठी तिनं एवढी तत्परता कधी दाखवल्याची नोंद नाही.

मग दर शनिवारी सकाळी चिकपेटातली एक दर्शिनी ठरली. तिथं बसायला जागा नसते. उंच टेबलाशी उभं राहून खायचं आणि निघायचं, अशी मालकाची अपेक्षा असते. हे दोघं एक बाय-टू कॉफी, म्हणजे एकाच कॉफीचे दोन अर्धे कप, घेऊन दीड तास उभे राहत.

"वरची ही ओळ... नाव, कामं, संपर्क... हिला फ्लेक्सबॉक्स," ती शिकवायची. "बाकावरच्या माणसांसारखं. एक वाढला की बाकीच्यांनी सरकून जागा करायची."

"न्हाई सरकले तर?"

"सरकायला सांगायचं." आणि ती जराशी सरकली. कुठल्या बाजूला, ते दोघांनाही कळलं.

"पाट्यांच्या फोटोंना ग्रिड. आडवे-उभे खण आधी आखायचे, मग एकेक फोटो खणात ठेवायचा. लहान फोनवर तीनाऐवजी एकच खण धरायचा, एवढं सांगून ठेवलं की झालं."

"आणि मी माझ्याबद्दल लिवलंय, ते कुठल्या खणात?"

"त्याला खण नको. मोकळं सोडा, लिहिलेलं आपलं आपण खाली जात राहतं."

योगीराज विचारात पडला. "मला तेच जमत न्हाई बगा. बोलायचं असलं की आधी सगळं आखून घेतो... मग बोलायचंच राहतं."

"काय राहिलंय बोलायचं?"

"कॉफी निवायली," तो म्हणाला.

तिसऱ्या शनिवारी त्यानं, अगदी सहज सांगावं तसं सांगितलं — अहमदाबादला एका संग्रहालयात जुन्या दुकानांच्या पाट्या जमवून दुरुस्त करायचं काम निघालंय. दोन वर्षांचं. शुक्रवारपर्यंत वेबसाइटचा दुवा पाठवायचा. काचेवर सोन्याचा वर्ख लावलेल्या पाट्यांबद्दल सांगताना त्याचे हात हवेत अक्षरं काढत होते. अनुषा त्या हातांकडे बघत राहिली.

नवी साइट बुधवारीच तयार झाली. जुनी काढून नवी चढवायला एक बटण दाबायचं होतं, आणि ते अनुषाच्या लॅपटॉपवर होतं. तिनं बुधवारी ते दाबलं नाही. गुरुवारी गाद्यांचं काम निघालं. शुक्रवारी कसलंच काम नव्हतं, तरी दाबलं नाही.

शनिवारी कॉफी आली, पण कुणी उचलली नाही.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुम्ही दुवा पाठवलात, तो... तिथं जुनीच साइट आहे. मी नवी चढवलीच नाही. मुद्दाम."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"काल सकाळी मामाच्या फोनवर बघितलं. माझं तोंड तसंच नंबरवर बसलेलं."

"आणि तरी पाठवलीत?"

"तशीच पाठवली." तो टेबलावरच्या पाण्याच्या थेंबातून बोटानं रेघ ओढत होता. "तुम्ही का न्हाई चढवली, ते आधी सांगा."

बाजूला कुणीतरी वड्याची प्लेट घेऊन टेबल मोकळं व्हायची वाट बघत होतं. त्यानं या दोघांचे चेहरे पाहिले आणि दुसरं टेबल शोधलं.

"पण निवड झाली," योगीराज म्हणाला. "काल संध्याकाळीच फोन आला. तिथल्या बाईंच्या टेबलावर नेमका माझ्यासारखाच लॅपटॉप. अक्षर न् अक्षर जागच्या जागी दिसलं. म्हणाल्या, इतका काटेकोर माणूस आजकाल मिळत नाही." तो हसला, पण अर्धवट. "अजून होय म्हणालो न्हाई. तुम्ही राहा म्हणा, मी नको म्हणून कळवतो."

'राहा' हा दोन अक्षरी शब्द. अनुषाच्या तो अगदी ओठांवर होता. पण तीन आठवडे ती त्याला सांगत आली होती की काहीच ठोकून बसवू नका, आणि शुक्रवारी तिनं स्वतः हातात खिळा घेतला होता. शिवाय ते वर्खाबद्दल बोलणारे हात...

तिनं लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं.

"झाली," ती म्हणाली. "आता कुणालाही, कशावरही नीट दिसेल. कळवा त्यांना, येतो म्हणून."

योगीराज काहीही न आखता म्हणाला, "मला तुम्ही आवडता. हे आधी सांगितलं असतं तर साइटचं एवढं राजकारण झालं नसतं."

"मलाही," अनुषा म्हणाली. "म्हणजे... तुम्ही. साइट नाही."

"मग दोन वर्षं?"

"सरी, चालेल." तिनं गार कॉफीचा घोट घेतला. "कंपनी मला महिन्यातून एकदा व्हाइटफील्डला बोलावते. बाकीचे दिवस काम घरून. ते घर कुठल्या गावात, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही."