गार उजेड

रविवारी मासे साफ करणं हे आमच्या घरातलं एकमेव काम, जे दत्ताराम मला करू देत नाहीत. (नवऱ्याचं नाव मी फक्त लिहिताना घेते, समोर ‘अहो’च.) गिरगाव सोडून भाईंदरला आलो तेव्हा मी महिनाभर कुरकुरले. ते मात्र उत्तनचा मासळीबाजार जवळ आला म्हणून खूश होते.

त्या रविवारी आमच्या कोळणीकडे, इंदुबाईकडे, माकूल म्हणजे स्क्विड मिळाली. “ताजी हाय सायेब,” ती टोपली पुढे सरकवत म्हणाली, “अजून तुमच्याकडंच बघतेय बघा.” खरंच, माकुलीचे डोळे मोठे आणि फार समजूतदार असतात.

घरी येऊन दत्ताराम ओट्यापाशी उभे राहिले. माकुलीच्या पोटातली काचेसारखी काडी ओढताना सुरी सटकली आणि डाव्या अंगठ्याखाली चीर गेली. मी हळद दाबली. समोरच्या हेमालीने नेहमीप्रमाणे दार लावून अगरबत्ती पेटवली. ती शुद्ध शाकाहारी. आमच्याकडे मासे असले की मी एक्झॉस्ट लावते, ती अगरबत्ती. भांडण नाही, वाटणी आहे.

जखम सुजली नाही, ठणकली नाही. आम्ही विसरूनही गेलो. पुढच्या आठवड्यात भर दुपारी दत्ताराम पुरणयंत्र काढायला स्टुलावर चढले आणि माळ्यात खांद्यापर्यंत आत गेले. आमच्या माळ्यावर दिवा नाही. खालून मला आतले डबे दिसले, डब्यांवरची धूळसुद्धा. निळसर, स्थिर उजेडात.

“अहो, टॉर्च नेलात?”

“टॉर्च खाली आहे. फ्रिजवर.”

मग ते खाली उतरले, तळहात दुसऱ्या हाताने झाकून आत डोकावले आणि लहान मुलासारखे हसले. “सुचे, बघ. आता लाइट गेली तरी फिकीर नको.”

मी हात हातात घेतला. तो गार होता. माशासारखा.

मी दहावीपर्यंतच शिकले. बाकीचं मुलीच्या शाळेच्या पुस्तकांतून, आणि ती लग्न होऊन गेल्यावर फोनवर, डिक्शनरी उघडी ठेवून. त्यामुळे घाबरण्याआधी मी वाचायला बसले. समुद्रात उजेड पाडणारे जंतू असतात. माशांवर, माकुलीवर राहतात. एकटेदुकटे असले की गप्प. पुरेसे जमले की सगळे एकदम पेटतात. म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगच्या अगदी उलट. माणसाच्या अंगातल्या उष्णतेत ते सहसा टिकत नाहीत, असंही होतं. ते वाचून मी पुन्हा त्यांचा हात चाचपला. मनगटाच्या वर ऊब होती, खाली नव्हती.

एका ठिकाणी लिहिलं होतं की काही शास्त्रज्ञांच्या मते हा उजेड म्हणजे बोलावणं असतं. कुणीतरी बघावं, यावं आणि खावं. खाणाऱ्याच्या पोटात त्यांना आयतं घर मिळतं.

मी फोन पालथा ठेवला.

डॉक्टरांनी ट्यूबलाइटखाली जखम पाहिली. “मस्त भरतेय की. प्रॉब्लेम काय?”

“जरा दिवा बंद कराल?” मी म्हटलं.

ते हसले, पण त्यांनी बटण दाबलं. खोलीला खिडकी नव्हती. दत्तारामांचा पंजा टेबलावर उमलल्यासारखा दिसला. मला डॉक्टरांनी आवंढा गिळल्याचा आवाज ऐकू आला. मग आणखी एकदा.

“डॉक्टर?”

दिवा लागला. ते खुर्ची सोडून टेबलावर बरेच पुढे झुकले होते. “सॉरी,” ते ओठ पुसत म्हणाले, “जेवण राहिलंय माझं.” त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आमच्याकडे न बघता पुढचा पेशंट बोलावला.

गोळ्या संपल्या. उजेड मनगट ओलांडून वर सरकला होता.

सोसायटीची मांजरं आमच्या मजल्यावर येऊन बसू लागली. भांडत नव्हती, ओरडत नव्हती. दाराकडे तोंड करून नुसती बसलेली. एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर त्यांच्यामागे हेमाली उभी. केस ओले, पाय अनवाणी.

“आंटी, क्या बनाया है आपने?”

“कुछ नहीं. अभी तो चाय भी नहीं रखी.”

“झूठ मत बोलो ना,” ती लाडात म्हणाली. “मेरी मम्मी के उंधियू जैसी खुशबू आ रही है. कल से मैं कुछ खा ही नहीं पा रही.” ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती.

मला कसलाच वास येत नव्हता. मी तेवढ्यावरच धीर धरला. म्हणजे माझ्याजवळ तरी ते सुरक्षित आहेत, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मी दिवे बंद होऊ दिले नाहीत. उजेडात तो उजेड दिसत नाही, एवढं साधं गणित. दत्ताराम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दिवाणावर बसून राहायचे. थट्टा करायचे थांबले होते. एकदा म्हणाले, “सुचे, माकूल पण अशीच बघत होती गं. तिला माहीत होतं.”

“गप्प बसा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या केसांना तेल लावलं. मला दुसरं काय येतं?

मग एका संध्याकाळी, मी तांदूळ निवडत असताना, अख्ख्या भागातली लाइट गेली.

पंखा थांबला. शर्टाच्या बाहीतून उजेड झिरपू लागला. शर्टाची वीण दिसत होती, तिच्या आतून कोपरापर्यंतचा हात.

बाहेर चपला वाजल्या. एक जोड. मग बऱ्याच.

बेल बंद होती. कुणीतरी तळव्याने दार थोपटलं, बाळाला झोपवताना थोपटतात तसं.

“आंटी, खोलो ना. सिर्फ देखना है.” हेमालीचा आवाज. तिच्यामागे कुणीच बोलत नव्हतं. फक्त श्वास ऐकू येत होते.

मी कडी लावली. दाराला पाठ टेकून उभी राहिले.

“सुचे,” दत्ताराम म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तू इकडे ये. माझ्याजवळ बस.”

मी गेले. जाडी चादर त्यांच्या हाताभोवती गुंडाळली. उजेड तरीही आला. मी तो हात पोटाशी धरला, वर वाकले, माझ्या अंगाने झाकला.

तेव्हा मला वास आला.

ओले बोंबील, तांदळाच्या पिठात घोळवलेले. तव्यावरचं तेल. माझी आई चुलीसमोर, आणि मी शाळेतून आलेली, उपाशी.

इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

दिवे लागले.

पंखा फिरू लागला. बाहेर हेमाली कुणाशीतरी हसून म्हणाली, “चलो, आ गई लाइट,” आणि चपला पांगल्या.

चादर जमिनीवर पडली होती. दत्ताराम हाताकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या अंगठ्याखाली, जुन्या जखमेवर, दातांचा अर्धगोल उमटला होता. ओला.

“दुखलं नाही गं,” ते हळूच म्हणाले. “खरंच नाही दुखलं.”

मी खूप रडले. त्यांनीच मला पाणी दिलं. त्याच हाताने.

सकाळी उठून मी आधी तो हात चाचपला. गरम होता, बोटांच्या टोकांपर्यंत. माळ्यात घालून पाहिला, तर काळाकुट्ट अंधार. दत्ताराम इतके खूश झाले की मांजरांना दूध घालायला निघाले. दार उघडलं, तर जिन्यात एकही मांजर नव्हतं. हेमालीने आतूनच हात केला.

मी चहा केला. चांगला उकळला, कपातून वाफ येत होती. घोट घेतला तर गरम लागलाच नाही. दुसरा घेतला. जिभेला काहीच कळलं नाही.

मी बाथरूममध्ये गेले आणि दार लावलं. बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. आरशासमोर अंधारात उभी राहिले आणि तोंड उघडलं.

आरशात नळ दिसला. ब्रश दिसले. माझे दात, एकेक, मागून उजळलेले.

मी तोंड मिटलं.

बाहेर दाराशी चपला थांबल्या.

“सुचे,” दत्ताराम म्हणाले. आवाजात लाड होता. “काय शिजवतेयस गं? आई करायची तसा वास सुटलाय.”