सगळ्यांना पहिल्याच दिवशी उत्तर कसं आलं?

खडकमाळ रेडिओ मंडळात तीस सभासद होते. त्यातल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच: "मी पहिल्यांदा आलो ना, त्याच दिवशी चंद्रावरून उत्तर आलं!"

ओवी घोलपला इथेच संशय आला.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदा आली होती. चंद्रावरच्या माणसांच्या तळाला हाका मारत अर्धा तास घसा कोरडा पडेपर्यंत बोलली. "चांद्रतळ, चांद्रतळ, मी खडकमाळहून ओवी!" तिकडून नुसती खरखर.

मंडळाचे प्रमुख सुभानमामा वीस वर्षं बोटीवर रेडिओ ऑपरेटर होते. त्यामुळे नशिबाचं सगळं त्यांच्या तोंडी इंग्रजीत. नव्या पोराला उत्तर आलं की 'बिगिनर्स लक!' (नवख्याला लाभलेलं नशीब). यंत्र नीट चाललंय म्हटलं की लगेच लाकडी टेबलावर टकटक, 'टच वुड!' (नजर लागू नये म्हणून). ओवीला ते एवढंच म्हणाले, "हार्ड लक, बाळा."

घरी जाताना पप्पा म्हणाले, "काही जणांच्या हाताला यश नसतं गं. पुढच्या रविवारी मंडळाचा हेडफोन परत देऊन टाक. चित्रकलेचा क्लास बघू."

आज तो रविवार उजाडला होता. हेडफोन पिशवीत होता आणि ओवीला तो अजिबात द्यायचा नव्हता. चंद्रावरच्या माणसाशी बोलायचं हे तिने दुसरीत ठरवलेलं. आता सातवीत, हाताला यश नाही म्हणून घरी बसायचं?

"सगळ्यांना आलं, मलाच नाही. काहीतरी झोल आहे," ती स्वतःशी पुटपुटली.

पहिला संशय मागच्या खोलीवर. तिथे बसून कुणीतरी चंद्राचा आवाज काढत असणार! ती दबकत निघाली, तर दारोगा आडवा आला. दारोगा म्हणजे मंडळाचा गुडघ्याएवढा रोबो. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवायची, हे त्याचं काम.

"तिकडे काय आहे? फक्त झाडू आहेत," दारोगा म्हणाला.

"मग कुलूप कशाला?"

"झाडू चोरीला जातात."

"उघड."

दारोगाने उघडलं. आत चार झाडू होते, आणि झाडूंवर एक मांजर झोपलं होतं. ओवीने झाडू हलवून बघितले. मांजरही हलवून बघितलं. ते फिसकारलं, बाकी काही नाही.

तेवढ्यात बाहेर आठवीतल्या रेहान मुल्लाला उत्तर आलं. ओवी धावली. "परत बोल! मी वेळ मोजते."

रेहान बोलला आणि थांबला. उत्तराचा पहिला शब्द आला तेव्हा घड्याळात अडीच सेकंदांच्या वर थोडं झालं होतं.

"बरोबरच आहे," रेहान म्हणाला. "रेडिओलहर (हवेची गरज नसलेली, प्रकाशाच्या वेगाने पळणारी लहर) चंद्रावर जायला सव्वा सेकंद घेते, यायला सव्वा. वर तिकडच्या माणसाला तोंड उघडायला जरा वेळ. तुला काय वाटलं, मांजर बोलतंय?"

म्हणजे उत्तर खरंच चंद्रावरून येत होतं. पण ओवीचा संशय काही जाईना.

"मामा, चांद्रतळ कुणाला उत्तर द्यायचं ते कसं ठरवतो?"

मामा चहा ओतत होते. "हजारो लोक एकदम बोलतात. तिथलं यंत्र डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसा एक आवाज उचलतं. अर्ध्या तासात साधारण दहातल्या एकाला उत्तर मिळतं."

"दहातल्या एकाला? मग इथे तीसच्या तीस जणांना पहिल्याच दिवशी?"

मामांनी बशीत बघितलं. "नशीब, दुसरं काय!"

ओवी सरळ दारोगासमोर मांडी घालून बसली. "आजवर पहिल्यांदा आलेले किती?"

"तीनशे दहा."

"त्या दिवशी उत्तर मिळालेले?"

"एकतीस."

दहातला एक! बरोब्बर. ओवी पुढे सरकली.

"त्यातले सभासद झालेले?"

"अठ्ठावीस."

"आणि उत्तर न मिळालेले दोनशे एकोणऐंशी?"

"दोन सभासद झाले. दोनशे शहात्तर हेडफोन देऊन गेले, पुन्हा आले नाहीत. आणि एक जण माझ्यासमोर मांडी घालून बसलीय."

ओवी हळूहळू बोलायला लागली, जसं सुचेल तसं. "म्हणजे... ज्यांना उत्तर आलं ते खूश होऊन राहिले. नाही आलं ते गेले. आणि आपण विचारतो फक्त राहिलेल्यांना! गेलेले सांगायला इथे असतातच कुठे? म्हणून वाटतं की नवख्याला नशीब असतंच."

"याला टिकलेल्यांचा पक्षपात म्हणतात," दारोगा म्हणाला. "जे उरले त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल ठरवायचं, ही ती चूक."

"थांब, थांब." ओवीचे डोळे बारीक झाले. "अठ्ठावीस खरे. पण सांगतात तर तीसही जण. मग दोघं खोटं बोलतायत."

दारोगाने विचारलं, "मामा, नावं सांगू?"

"नको." मामांनी कप खाली ठेवला. "एक मी. एकोणीस खेपा लागल्या मला."

रेहानचे कान लाल झाले. "मला चार."

"मग खोटं का सांगता?"

"अगं, जो तो पहिल्या दिवसाचंच सांगायचा," मामा म्हणाले. "मला लाज वाटली. एवढा बोटीवरचा ऑपरेटर, आणि एकोणीस खेपा!"

"आणि तुमच्या लाजेपायी मी हेडफोन परत करायला निघाले होते!" ओवी ओरडलीच. "ते दोनशे शहात्तर जण तर करूनही गेले!"

मामांनी खुर्ची ओवीकडे वळवली. मग म्हणाले, "चुकलं माझं. काय करू सांग."

"त्यांना कळवा. खरं खरं."

निरोप मामा आणि ओवीने मिळून लिहिला, दारोगाने तो गेलेल्या सगळ्यांना पाठवला. 'पहिल्या दिवशी दहातल्या नऊ जणांना उत्तर येत नाही. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. दर खेपेला संधी तेवढीच असते, मागचं काही चंद्राच्या लक्षात राहत नाही. पण वीस खेपा केल्या, तर शंभरातल्या साधारण अठ्ठ्याऐंशी जणांना एकदा तरी उत्तर मिळतं. मला एकोणीस लागल्या. या. सुभान.'

त्या दिवशीही ओवीला खरखरच ऐकू आली. पप्पांना तिने संध्याकाळी सगळा हिशोब समजावला, आकड्यांसकट. पप्पा डोकं खाजवत म्हणाले, "मग चित्रकला राहू दे."

पुढच्या रविवारी गेलेल्यांपैकी त्रेचाळीस जण परत आले. बाकं कमी पडली, दारोगाची नावं घेता घेता धांदल उडाली. एक चौथीतला मुलगा दारातच घुटमळत होता.

"मला त्या दिवशी काहीच आलं नव्हतं," तो कसाबसा म्हणाला.

"मला तर अजूनही नाही आलं," ओवी बाकावर सरकून म्हणाली. "ये, बस. आधी तू बोल."