झरीचा हट्टी कॉम्प्युटर

२०२५ साली दसरा दोन ऑक्टोबरला आला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी झरी गावची राजेश्री परभणीत वैजयंतीबाईंच्या दारात उभी राहिली. वैजयंतीबाई खाजगी गुप्तहेर. बजरंग त्यांचा सहायक, मनाचा सरळ, डोक्याने सावकाश.

"ताई, शिवप्रकाशनं फसवलं मला! त्याच्या दुकानातून दुरुस्त केलेला जुना कॉम्प्युटर घेतला. दुकानात तपासला तवा नवी विंडोज चालंल म्हणून आलं. घरी नऊ वेळा टाकून बघितली. नऊ वेळा तेच, सुरक्षेची चिप न्हाई! सोमवारी तपासणी हाय. तोवर विंडोज पडली न्हाई तर माझ्या अर्ज भरायच्या केंद्राची मान्यता जाती."

"आतला बोर्ड बदलला त्यानं," बजरंगने निकाल देऊन टाकला.

शिवप्रकाश परभणीतल्याच आपल्या दुकानात धुमसत होता. "ह्या राजेश्रीताई काल चार गिऱ्हाइकांपुढं चोर म्हणल्या मला! तीस तारखेला ती चिप मीच सेटिंगमधून चालू करून दिली. बोर्डाचा नंबर पावतीवर हाय. चला, मीच येतो जुळवायला."

झरीला अंगणात झेंडूचे हार घातलेला ट्रॅक्टर होता. राजेश्रीचे सासरे बन्सीधरराव पान्याने बॅटरीची वायर आवळत होते.

"वायर का सोडली होती?" वैजयंतीबाईंनी विचारले.

"खंडेनवमीला धुतला की. आधी बॅटरी सोडायची, मग मशिनीला हात. आमच्या वडलांची शिस्त हाय."

"कॉम्प्युटरला हात लावलात?"

"पूजा केली. मोडतोड न्हाई केली."

पूर्वी खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, शिलाईचे मशीन ओळीने मांडत. आता त्या ओळीत कॉम्प्युटरही बसू लागला होता.

राजेश्रीने दहाव्यांदा प्रयत्न केला. तोच नकार. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१९.

"दुकानात तर बरोबर होती," ती वैतागून म्हणाली.

मशीन बंद करून बजरंगने झाकण काढले. नंबर पावतीशी जुळला. आत धुळीचा कण नव्हता आणि पंख्याच्या कडेला कुंकवाचे बोट उमटले होते.

"मग कॉम्प्युटरच खोटं बोलायलाय!" बजरंग म्हणाला.

"नाही. बोर्ड तोच, म्हणजे चोरी नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "बोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो. तो काढला की घड्याळ मागे जातं आणि या मशिनीतल्या सेटिंगही मूळपदावर येतात. म्हणून चिप बंद झाली. कुंकू आत आहे, म्हणजे झाकण पूजा करणाऱ्यानेच उघडलं. आणि पुसण्याआधी बॅटरी सोडणारं या घरात कोण आहे?"

बन्सीधरराव गडबडले. "सेल काढला, पुसला, जसाच्या तसा बसवला की! ट्रॅक्टरला त्यानं काय होत न्हाई."

"मामा!" राजेश्रीने कपाळावर हात मारला. "नऊ वेळा वो!"

"तू इचारलंस का मला?"

शिवप्रकाशने मशीन चालू केले, सेटिंगमध्ये जाऊन चिप जागी केली. अकराव्या वेळी नवी विंडोज पडली.

सोमवारी केंद्राची मान्यता टिकली. बन्सीधरराव आता तिथेच बसून अर्जवाल्यांना रांगेत लावतात. बजरंगने निकाल आधी द्यायचे सोडलेले नाही आणि वैजयंतीबाईंनी त्याला सोडलेले नाही. राजेश्री मंगळवारी परभणीला गेली. दुकानात गर्दी व्हायची वाट पाहत थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिवप्रकाशभाऊ, चूक माझी होती."