आकडा यायच्या आत

"मॅडम, सुई हळू हं... मी बघणार नाय!"

गोरक्षने डोळे घट्ट मिटले आणि हर्षालीला हसू आवरेना. उन्हातान्हात द्राक्षबागा फिरणारा एवढा धिप्पाड गडी, आणि सुईला भ्यायला! पिंपळगावच्या या छोट्या लॅबमध्ये ती नुकतीच लागली होती.

उपाशीपोटीची साखर एकशे अडतीस निघाली. गोरक्षचा चेहरा उतरला.

"वडलांनाही हेच होतं. म्हणून तर मी लग्नाला नाय म्हणतो. कुणाच्या पोरीला कशाला यात ओढू?"

हर्षालीला उगाचच वाईट वाटलं. "एका तपासणीवर काही ठरत नाही. रात्री काय जेवता?"

"उशिरानं... भात, ताट भरून. वर जिलेबी."

"आता दिवेलागणीला जेवा. बाजरीची भाकरी, मेथी, वरण. पंधरवड्यानं या."

तो आला. "सगळं पाळलं मॅडम! जिलेबीकडं बघितलंसुद्धा नाय!"

तिने त्याचा हात धरला, तर बोटं तिच्या बोटांना चिकटली. दोघंही चपापली.

"हे काय लावलंय?"

"द्राक्षं. तोडणीआधी रोज पहाटे मणी चाखतो ना. गोडी उतरली का बघायला."

"म्हणजे खाऊन आलात?"

"खाल्लं कुठं? चाखलं. ते काम हाय!"

"मागच्या वेळीही?"

"रोजच की!"

हर्षाली कपाळाला हात लावून हसत सुटली. "घरी जा! उद्या चाखायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

दुसऱ्या दिवशी तो कोरड्या तोंडानं हजर. रक्त घेऊन झालं, मशीन सुरू झालं. गोरक्षला बसवेना, उभं राहवेना.

"साखर नीट निघाली तर... एक विचारायचंय."

"आणि नाही निघाली तर?"

"तर नाय विचारणार."

हर्षाली मशीनच्या पुढे आडवी उभी राहिली. तिचे गाल तापले होते.

"मग आत्ताच विचारा. आकडा यायच्या आत."

"अहो, पण..."

"विचारा!"

"माझ्याशी... लगीन करशील?"

"हो," ती म्हणाली. "आकडा काहीही येवो, हो!"

मागे मशीन वाजलं. तिने वळून पाहिलं आणि टाळीच वाजवली. "पंच्याण्णव!"

गोरक्षचं तिकडे लक्षच नव्हतं.

"ते राहू दे गं," तो म्हणाला, "परत एकदा हो म्हण."