सुमेधची डावी टाच

लढत व्हायला अजून महिना होता आणि सुमेध तायडे ती हरून बसला होता.

अकोल्यातल्या उस्मानभाईंच्या रसवंतीवर ही हार रोज बघितली जायची. टेबलावर फोन उभा करायचा, 'प्रतिछाया' उघडायची, की मिडलवेट गटातला आपला सुमेध निळ्या कोपऱ्यातून बाहेर यायचा, चार फेऱ्या रोहतकच्या जगमीत कादयानला नाचवायचा आणि पाचव्या फेरीत आडवा पडायचा. पुन्हा लावा, पुन्हा पाचवीतच. कधी दोरांपाशी, कधी मधोमध, एवढाच फरक. खरा सुमेध त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडच्या जिममध्ये घाम गाळत असायचा आणि त्याला अजून कुणी बोटही लावलेलं नसायचं.

प्रतिछाया म्हणजे मुष्टियोद्ध्याची संगणकाने बांधलेली नक्कल. जुन्या लढतींची चित्रणं, ग्लोव्हजमधल्या संवेदकांनी टिपलेला जोर, श्वास, नाडी, सगळं पोटात घेऊन ती माणसासारखी लढते. दोन नकला समोरासमोर सोडल्या की लढत सुरू. प्रशिक्षक आता तिच्यावरच शिकवत. जिममध्ये रबराचा एक लढता पुतळा उभा असे. त्यात प्रतिस्पर्ध्याची नक्कल भरायची आणि त्याच्याकडून मार खात शिकायचं. नक्कल काय म्हणते हे बघितल्याशिवाय आयोजक लढतसुद्धा ठरवत नसत. ज्याने आयुष्यात कुणाचा ठोसा खाल्ला नाही असा माणूस एसीत बसून सांगायचा, की हा पोरगा पाचव्या फेरीत पडणार आहे, आणि सगळे माना डोलवायचे.

सुमेधला ही लढत जिंकायचीच होती. जिंकणाऱ्याला राष्ट्रीय विजेत्याच्या पट्ट्यासाठी लढायला मिळणार होतं. हरणाऱ्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. सुमेधने तिशी गाठली होती, आणि अकोल्याच्या पोराला दुसऱ्यांदा रांगेत कुणी उभं करत नाही. दिल्लीच्या पोराला करतात. हे कडू वाटत असेल तर वाटू द्या.

रसवंतीवरचे त्याचे तीन भक्त मात्र भक्तासारखे वागत नसत. उस्मानभाई स्वतः तरुणपणी रेल्वेकडून बॉक्सिंग खेळलेले. त्यांचं नाक तेव्हापासून डावीकडे बघतं. शकुंतलाबाई ढोके एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपली की खाकी कपड्यातच येऊन बसायच्या, आणि त्यांच्या जिभेला मात्र कधी सुटी नसायची. तिसरा बंडू राऊत, औषध कंपनीचा विक्रेता, यंत्रावर आंधळा विश्वास असलेला. या तिघांची एक रीत होती. प्रत्येक लढतीनंतर सुमेधला स्टुलावर बसवायचं, हातात रसाचा ग्लास द्यायचा आणि सोलायला घ्यायचं. काय चुकलं, कुठे चुकलं, किती वेळा चुकलं. त्याने उलट बोलायचं नाही. याला ते 'सोलणी' म्हणत. सुमेधचे प्रशिक्षक स्वभावाने मऊ होते. पोराला खरं सांगणारं दुसरं कुणी गावात नव्हतं.

सोलणी झाली की वाद सुरू. सुमेधचा जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, लांब आहे यावर एकमत. त्याचा दम दहाव्या फेरीपर्यंत पुरतो, यावरही. पुढे मात्र फाटे फुटत. बंडूच्या मते कादयाननंतर सध्या पट्टा बाळगून असलेला इंफाळचा डावखुरा थोइबा त्याला जड जाईल, कारण डावखुऱ्यासमोर सुमेधचे पाय गुंततात. उस्मानभाई म्हणायचे, थोइबाचं सोड, ताश्कंदचा तो उंच पोट्टा आला की याचा जॅब पोहोचणारच नाही. आणि शकुंतलाबाई दोघांना गप्प करून पुन्हा एकाच गोष्टीवर यायच्या. उजवा ठोसा मारायच्या आधी सुमेधची डावी टाच उचलली जाते. जराशीच, चप्पल काढताना उचलावी तेवढी. कॅमेऱ्यात पाय धड दिसत नाहीत. पण बाई त्याला तो शाळेत असल्यापासून दोरांशी उभ्या राहून बघत आलेल्या. टेकव ती टाच, असं त्याला सांगून त्यांचा घसा बसला होता.

ही सगळी भांडणं ते प्रतिछायेच्या 'गप्पाकट्ट्या'वर मोठ्या आवाजात करत. फोन चालू ठेवायचा आणि बोलायचं. देशभरचे शौकीन ऐकायचे. कंपनीने तिघांच्याही नावापुढे 'जाणकार' म्हणून सोनेरी चांदणी लावली होती, आणि शकुंतलाबाईंनी ती आपल्या मास्तर जावयाला दोनदा दाखवली होती.

त्या दिवशी बंडूने पाचवी फेरी हळू करून लावली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने फोन शकुंतलाबाईंसमोर धरला. कादयानची नक्कल सुमेधच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. डावी टाच उचलली, की उजवा ठोसा निघायच्या आत कादयानचा बाजूने वळून येणारा डावा हूक सुमेधच्या कानावर.

"याले टाचेचं कोनं सांगतलं?" बाईंनी विचारलं.

बंडूने कट्टा चालू असलेला तो फोन टेबलावर पालथा ठेवला, तेव्हा उत्तर सगळ्यांना कळलं.

ठोसा कुठे लागला हे कॅमेऱ्याला दिसतं. तो का लागला हे त्याला कळत नाही. ते कळतं बघत आलेल्या माणसाला. आणि हे तिघं ते रोज फुकट, ओरडून, चांदणीच्या बदल्यात सांगत होते. कंपनीने काही चोरलंही नव्हतं. अटी मान्य आहेत, असं तिघांनीही दाबलेलं होतं. आपल्या माणसाचे दोष प्रेमाने मोजत बसायचे आणि ते नेमके त्याला पाडणाऱ्याच्या हातात द्यायचे, हा मूर्खपणा शत्रूला जमत नाही. त्याला भक्तच लागतात.

उस्मानभाईंनी उसाची मोळी उचलली आणि चरक सुरू केला. घुंगरांचा आणि मोटरचा असा दणका सुरू झाला, की शेजारच्यालाही ऐकू जाईना. त्या आवाजात तिघांनी डोकी जवळ आणली आणि ठरवलं. आजपासून खोटं बोलायचं. टाच सुधारली म्हणायचं. आणि सुमेधची खरी दुखरी जागा म्हणजे उजव्या बरगड्या, अशी आवई उठवायची. सुमेधला मात्र काही सांगायचं नाही. त्याला तोंडावर खोटं आणता येत नाही, प्रशिक्षकांना तर मुळीच नाही.

खोटं बोलणं सोपं असतं, असं म्हणणाऱ्यांनी शकुंतलाबाईंना बघायला हवं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी फोनसमोर बसून, शाळेत कविता म्हणावी तसं, सुमेधची टाच आता अगदी छान टेकते असं सांगितलं आणि पुढे त्यांना ठसकाच लागला. बंडूने बरगड्यांचा विषय काढला, तो इतका औषधांच्या नावांसकट की उस्मानभाईंनी त्याला टेबलाखालून लाथ मारली. हळूहळू हात बसला. उस्मानभाईंनी तर एक जुना अपघातही शोधून काढला: लहानपणी सुमेध विहिरीच्या काठावरून पडला होता, तेव्हापासून ती बाजू नाजूक. बाईंनी विचारलं, कोणती विहीर? त्यांनी जागाही सांगितली. चौथ्या दिवशी उस्मानभाईंनी नागपूरच्या एका जुन्या लढतीचा दाखला दिला आणि तिघं तावातावाने भांडू लागले, की बरगडी खालून दुसरी का तिसरी.

आणि प्रतिछाया बदलली. कादयानची नक्कल आता टाच सोडून सुमेधच्या उजव्या कुशीत घुसायला लागली. जिममधल्या रबरी पुतळ्यातही तीच नक्कल भरलेली, त्यामुळे तोही सुमेधच्या बरगड्या फोडू लागला. सुमेधने दातओठ खाल्ले आणि तो उजवं कोपर खाली आणून ती बाजू झाकायला शिकला.

पुण्याच्या लढतीला तिघंही गेले. शकुंतलाबाईंनी रजा टाकली. पाचवी फेरी आली. सुमेधची डावी टाच उचलली गेली. बाईंनी डोळे मिटले. पण कादयानने टाचेकडे बघितलंच नाही. सुमेधच्या नकलेवर शिकून आला होता तसाच तो वाकून उजव्या बरगड्यांवर गेला, तिथे त्याला कोपर भेटलं आणि पाठोपाठ वरून सुमेधचा उजवा ठोसा. पंचांनी मोजायला सुरुवात केली, तेव्हा उस्मानभाई खुर्चीवर उभे राहून नाचत होते आणि मागचे लोक त्यांना शिव्या देत होते.

अकोल्यात सुमेधची मिरवणूक निघाली. फटाके, गुलाल, डीजे, जिमच्या छपरासाठी मदत मागायला गेलं की जो नगरसेवक त्याला दारातून हाकलायचा तोच गाडीवर शेजारी उभा. दुसऱ्या दिवशी सुमेध सोलणीसाठी रसवंतीवर आला. डोळ्याखाली सूज, तोंडभर हसू. तिघांनी फोन घरी ठेवले होते.

त्याने स्टूल ओढलं आणि आधी शकुंतलाबाईंच्या पाया पडला. कट्ट्यावरचं त्यांचं बोलणं तो रोज रात्री ऐकत होता, असं त्याने सांगितलं. टाच सुधारली हे बाईंच्या तोंडून ऐकलं आणि त्याची छाती फुगली. तेव्हापासून त्याने टाचेकडे लक्ष देणं सोडून दिलं. बरगड्यांचंही तुम्ही बरोबर ओळखलं, म्हणाला. आता सकाळी उठलं की तिथे दुखतं. विहिरीचं आईला विचारलं, तिला आठवत नाही. पण त्याला स्वतःला थोडंथोडं आठवतं. थोइबासमोर जाण्याआधी ती बाजू एखाद्या डॉक्टरला दाखवावी म्हणतो.

बंडू हसायला लागला आणि एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबला. शकुंतलाबाईंनी खाकी कपड्यांना पदर नसताना सवयीने खांद्यावरून हात फिरवला आणि सरळ सांगून टाकलं. विहीर नाही, बरगडी नाही, टाच आजही उचलली जाते. पुण्यालाही उचलली होती. आम्ही रचलेलं सगळं.

सुमेधचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला सुमेध गेला.

"बरगडीचं खोटं नोहोतं," उस्मानभाई मध्येच बोलले. "म्या पाह्यलं. नागपूरच्या लढतीत वाकला होता तो तिकडे."

"भाई, ते तुमी चवथ्या दिवशी रचलं," बंडू म्हणाला.

"रचलं नाही बे. तवा आठोलं मले."

"मंग विहीर?"

उस्मानभाई विहिरीवर अडकले. बाई म्हणाल्या, नागपूरला तो वाकला नव्हता, बूट घसरला होता. बंडूला वाटत होतं, ती लढत नागपूरची नव्हतीच, अमरावतीची होती. आवाज चढले. तिघांनाही शपथेवर खरं बोलायचं होतं, तिघांनाही आपण बघितलेलं डोळ्यासमोर दिसत होतं, आणि तिघांचं दिसणं वेगवेगळं होतं.

सुमेधने उजव्या बरगड्यांवर तळवा दाबून बघितला. मग जोरात दाबून बघितला.

"आता दुखून राह्यलं," तो म्हणाला. "हे माह्यं दुखणं हाय, का तुमचं?"